थायरॉइड गेली, गोळी आली

या महिन्याच्या वाचकांच्या प्रश्नांत एकच विषय घेतला आहे: थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्यानंतरचे दिवस. पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी दिसली. भीती सगळ्यांना शस्त्रक्रियेची असते आणि ती बहुतेकांची सुखरूप पार पडते. घोळ होतो तो घरी आल्यावर, गोळ्यांच्या वेळांत. त्यामुळे उत्तरांचा भरही तिकडेच आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. डोसचे आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत. स्वतःचा डोस आपल्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावा.

प्रश्न: वडिलांची पूर्ण थायरॉइड काल काढली. उद्या घरी सोडणार आहेत. आमचे गाव तालुक्यापासून बावीस किलोमीटरवर आहे. रात्री नेमके काय बघायचे?

उत्तर: सगळ्यात आधी गळा बघायचा. जखमेच्या आत रक्तस्राव होऊन ते साचले तर श्वासनलिकेवर दाब येतो. हे साधारण शंभरात एकाला होते, तेही साधारण निम्म्यांना पहिल्या सहा तासांत आणि बहुतेकांना पहिल्या २४ तासांत, म्हणजे रुग्णालयात असतानाच. काहींना त्यानंतरही होते, म्हणून घरच्यांना माहीत हवे. गळा तट्ट फुगू लागणे, आवळल्यासारखे वाटणे, आडवे पडल्यावर जीव घाबरा होणे, आवाज अचानक बदलणे, थुंकीही गिळता न येणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९७ दिसतोय म्हणून तर मुळीच थांबू नका. या प्रकारात ऑक्सिजन अगदी शेवटी घसरतो. रुग्णाला बसते ठेवा, १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात शिरताना पहिले वाक्य हेच सांगा: "थायरॉइडचं ऑपरेशन झालंय आणि गळा फुगतोय." अशा वेळी टाके जागेवरच उघडून साचलेले रक्त मोकळे करावे लागते.

टाक्यांच्या वरच्या बाजूला सकाळी थोडी मऊ सूज दिसते, ती वेगळी. ती वाढत नाही, दुखत नाही आणि काही आठवड्यांत उतरते. शंका नको म्हणून संध्याकाळी एका ठरलेल्या उजेडात गळ्याचा फोटो काढून ठेवा. रात्री घाबरून बघताना तुलनेला काहीतरी हाताशी असते.

पहिले चार-पाच दिवस दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे. मऊ भात, खिचडी, कोमट सूप चालेल. गिळताना टोचते ते भूल देताना घातलेल्या नळीमुळेही असते. वडील रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतील तर ती नेमकी कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेले घरी पोचेपर्यंत विसरते. आणि अंतर बावीस किलोमीटर असेल तर आणखी एक रात्र ठेवून घ्या असे डॉक्टरांना सांगण्यात संकोच वाटू देऊ नका. पुढच्या उत्तरातले कारणही त्यात आहे.

प्रश्न: ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. संध्याकाळी हाताची बोटे आखडली. शेजारच्या काकू म्हणाल्या अशक्तपणा असेल, ग्लुकोज पी. हे काय असते?

उत्तर: हा अशक्तपणा नाही. रक्तातले कॅल्शियम उतरल्याची ही खूण आहे आणि ग्लुकोजने ते वाढत नाही.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला, तिला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. नावापलीकडे त्यांचा थायरॉइडशी संबंध नाही. त्यांचे काम रक्तातले कॅल्शियम ठरलेल्या पातळीवर धरून ठेवणे. शल्यचिकित्सक त्या जपतात, पण त्यांचा रक्तपुरवठा इतका नाजूक असतो की नुसत्या हाताळण्यानेही त्या काही दिवस किंवा आठवडे गप्प बसतात. पूर्ण थायरॉइड काढलेल्या चार-पाच जणांत एकाला असा तात्पुरता त्रास होतो. कायमचा फार थोड्यांना. कॅल्शियम सगळ्यात खाली जाते ते साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान. म्हणजे दुसऱ्या दिवशी ठणठणीत घरी गेलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी मुंग्या येतात, त्या या हिशोबाने. ग्रेव्ह्ज आजारात थायरॉइड खूप जोरात असेल तर हाडेही रक्तातले कॅल्शियम शोषून घेतात आणि उतार जास्त खोल असतो.

आधी मुंग्या, मग पोटऱ्यांत आणि हातात पेटके, मग अंगठा तळव्याकडे वळून बोटे चोचीसारखी एकत्र येणे, असा क्रम असतो. मुंग्यांच्या पायरीवर बहुतेक डॉक्टर जास्तीच्या एक-दोन कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला सांगतात आणि अर्ध्या-पाऊण तासात फरक नाही पडला तर यायला सांगतात. बोटे आखडली, छातीत धडधड झाली, श्वास घेताना घशात आवळले, तर गोळीवर विसंबायचे नाही. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावे लागते आणि ते हळूहळू, ईसीजी लावून देतात. तुमची बोटे आखडली होती. तेव्हा त्याच संध्याकाळी जायला हवे होते. अजून गेला नसाल तर हे वाचून झाल्यावर जा आणि कॅल्शियम, अल्ब्युमिन, मॅग्नेशियम व पीटीएच (पॅराथायरॉइडचे संप्रेरक) या तपासण्या करून घ्या. मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही कॅल्शियम द्या, ते वर येत नाही.

आता गोळ्यांबद्दल, कारण इथे दुकानातच गोंधळ होतो. पट्टीवर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलेले असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. सायट्रेटमध्ये वजनाच्या जेमतेम पाचवा भाग कॅल्शियम असते, म्हणून तुलना करताना नेहमी प्रत्यक्ष कॅल्शियमचा आकडा बघायचा. कार्बोनेट विरघळायला पोटातले आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचे. पित्तासाठी पँटोप्राझोल चालू असेल तर कार्बोनेट नीट विरघळत नाही. डिस्चार्जच्या औषधांत पित्ताची गोळी बहुतेक वेळा सवयीने लिहिलेली असते, ती खरेच हवी का हे विचारा, किंवा सायट्रेट मागा. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर आतडे फारसे शोषून घेत नाही. म्हणून सकाळी तीन गोळ्या एकदम गिळण्यापेक्षा तीन वेळा एकेक चांगली.

दुसरा घोळ ड जीवनसत्त्वाचा. साठ हजार युनिटचे साप्ताहिक पाकीट आणि ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅल्सिट्रिऑल कॅप्सूल एकच समजून एकाऐवजी दुसरे दिले जाते. पाकिटातले ड जीवनसत्त्व मूत्रपिंडात जाऊन कामाला लागण्याजोगे व्हावे लागते आणि तो बदल घडवायला पॅराथायरॉइडचेच संप्रेरक लागते. तेच आत्ता कमी आहे. कॅल्सिट्रिऑल म्हणजे आयता तयार झालेला प्रकार. म्हणून पाकीट घेतले म्हणून कॅप्सूल बंद करायची नाही.

नाचणीची भाकरी खा, हरकत नाही, पण ती गोळीची जागा घेत नाही. दुधाने भागेल असेही नाही. त्यात कॅल्शियमबरोबर फॉस्फरस येते आणि पॅराथायरॉइड गप्प असताना फॉस्फरस आधीच चढलेले असते.

आणि उलटी बाजू. मुंग्या थांबल्या तरी महिनोन्‌महिने गोळ्या चालू ठेवणारे बरेच आहेत. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ ही कॅल्शियम जास्त झाल्याची लक्षणे आहेत आणि पुढे मूतखडा होतो. साधारण एक-दोन आठवड्यांनी तपासणी करून गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवायच्या असतात. ज्यांची पॅराथायरॉइड सहा महिने ते वर्षानंतरही जागी होत नाही त्यांचे कॅल्शियम मुद्दाम नॉर्मलच्या खालच्या काठाला ठेवतात, ते मूत्रपिंड जपण्यासाठी. रिपोर्टवर काठाचा आकडा दिसला म्हणून स्वतःहून गोळी वाढवू नये.

प्रश्न: आईला सकाळी थायरॉक्सिन, दिवसातून तीनदा कॅल्शियम, शिवाय लोहाची गोळी आणि चहाशिवाय तिचे डोळे उघडत नाहीत. सगळे एकमेकांपासून चार तास लांब ठेवायचे म्हणतात. दिवस पुरत नाही!

उत्तर: पुरतो. असे बसवा. सकाळी सहाला थायरॉक्सिन, म्हणजे गेलेल्या थायरॉइडचे काम करणारी गोळी, अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. सातला चहा. अर्धा तास हे किमान, तासभर उत्तम. साडेआठला नाश्ता, त्याबरोबर कॅल्शियम नाही. पहिली कॅल्शियम साडेदहाला, एखाद्या पोळीबरोबर किंवा दोन-चार घासांबरोबर. दुसरी दुपारी दोनला, जेवणात. तिसरी रात्री साडेआठला, जेवणात. लोह संध्याकाळी पाच-साडेपाचला, लिंबूपाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहा नको. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर एकमेकांना अडवतात, आणि दोघेही थायरॉक्सिनला अडवतात. सोयाबीनच्या वड्या, सोया दूध, इसबगोल हेही थायरॉक्सिनपासून लांबच.

पहिल्या दोन आठवड्यांत मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. पहाटे मुंग्या येत असतील तर रात्रीची आणि सकाळची कॅल्शियम जवळ आणावी लागते आणि चार तासांचा नियम मोडतो. मोडू द्या. थायरॉक्सिन शरीरात निम्मे व्हायला जवळजवळ सात दिवस लागतात. चार दिवस थोडे कमी शोषले गेले तर काही बिघडत नाही. कॅल्शियम मात्र काही तासांत बोटांत उतरते. दोन गोळ्यांचे भांडण लागले तर सुरुवातीला कॅल्शियमची बाजू घ्यायची.

कॅल्शियम एकदा बंद झाले की ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी थायरॉक्सिन रात्री झोपताना घेतले तरी चालते, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. नियम एकच: वेळ कोणतीही घ्या, ती रोज तीच.

प्रश्न: ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी टीएसएच १८ आला. गावातल्या डॉक्टरांनी १०० ची गोळी १५० केली. आता छाती धडधडते, झोप नाही.

उत्तर: टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉक्सिन कमी पडले की तो चढतो. तुमची तपासणी मात्र लवकर झाली. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, टीएसएच त्याच्याही मागून चालतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचे. तीन आठवड्यांचा आकडा म्हणजे गाडी वळणावर असताना काढलेला फोटो. ज्यांची थायरॉइड आधी अतिजोरात होती त्यांच्यात तर टीएसएच कित्येक महिने दबलेलाच राहतो; तिथे फ्री टी४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) वर चालावे लागते.

पूर्ण ग्रंथी काढलेल्या माणसाला रोज अंदाजे दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. साठ किलोला ९६, म्हणजे १०० ची गोळी. पंचाहत्तर किलोला १२०, म्हणजे ११२ किंवा १२५. वजन खूप जास्त असेल, वय झालेले असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर कमी. तुमचे वजन पत्रात दिलेले नाही, पण १०० वरून थेट १५० ही उडी मोठी आहे; बदल साधारण १२.५ ते २५ चा करतात. धडधड असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा, पुढच्या तपासणीपर्यंत ताणू नका. मधला डोस हवा असेल तर वेगवेगळ्या गोळ्या कुस्करत बसण्यापेक्षा आठवड्याचे गणित सोपे: पाच दिवस १०० आणि शनिवार-रविवार १५० घेतली की रोजची सरासरी ११४ पडते.

तपासणीला जाताना रक्त द्यायच्या आधी त्या दिवशीची गोळी घेऊ नका, नंतर घ्या. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान दोन दिवस आधी बंद करा. अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. मग चांगला चाललेला डोस कमी केला जातो, आणि महिन्याभराने माणूस सुजून, थकून परत येतो.

बाटली मूळचीच वापरा, झाकण घट्ट, आत ओलावा शोषणारी पुडी असेल तर ती राहू द्या. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात निकामी होऊ शकते. गोळी दिसायला तशीच असते, फक्त टीएसएच चढत जातो. दुकानदाराने कंपनी बदलून दिली तर नवीन कंपनीची सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. गोळी तीच म्हणून सोडून द्यायचे नाही.

प्रश्न: ही गोळी आयुष्यभर घ्यायची? काढ्याने, योगाने कधीतरी सुटेल का?

उत्तर: पूर्ण ग्रंथी काढली असेल तर आयुष्यभर घ्यायची, सुटणार नाही. गोळी हे इथे औषध नाही, ग्रंथी जे बनवत होती तेच बाहेरून दिले जाते.

गोळी नसेल तर काय होते, हे वैद्यकाला किंमत मोजून कळले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे थिओडोर कोखर यांनी थायरॉइडची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की तिच्यासाठी त्यांना १९०९ मध्ये नोबेल मिळाले. पण १८८३ मध्ये त्यांनी आपले जुने रुग्ण पुन्हा बोलावून तपासले तेव्हा पूर्ण ग्रंथी काढलेले बरेचसे सुजलेले, मंद, थंडीने काकडणारे निघाले. शस्त्रक्रिया यशस्वी, माणूस मात्र विझलेला. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी अशाच थायरॉइड मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. पुढे तो तोंडावाटे घेत ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. तुमच्या हातातली पांढरी गोळी त्या अर्काची वंशज आहे. योग करा, चालायला जा, पण बाटली संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा.

प्रश्न: माझी अर्धीच थायरॉइड काढली. मलाही गोळी?

उत्तर: कदाचित नाही. उरलेला अर्धा भाग बहुतेकांचे भागवतो. तीन ते पाच जणांत एकाला गोळी लागते. शस्त्रक्रियेआधीच टीएसएच वरच्या काठाला असेल किंवा थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे असतील तर शक्यता जास्त. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा. कॅल्शियम उतरण्याचा धोका तुम्हाला जवळजवळ नाही, कारण दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉइडला हातच लागलेला नसतो.

प्रश्न: कोबी, फ्लॉवर, मुळा बंद केले आहेत. मीठही साधे आणतो. बरोबर ना?

उत्तर: पूर्ण ग्रंथी काढलेल्यांनी खुशाल कोबीची भाजी करावी. या भाज्यांतले घटक थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाहीत असे म्हणतात. थायरॉइडच नसेल तर अडवणार कोणाला? घरात आयोडीनयुक्त मीठच आणा. तुम्हाला त्याची गरज उरली नाही, पण त्याच डब्यातले मीठ सुनेच्या आणि नातवंडांच्या जेवणात जाते, त्यांना ते हवे आहे.

प्रश्न: मी गाणे शिकवते. ऑपरेशनला पाच आठवडे झाले. बोलणे ठीक, पण तार सप्तकात आवाज चढत नाही आणि तासाभरात थकतो. भजनही धड पुरे होत नाही.

उत्तर: पहिल्या काही दिवसांचा घोगरेपणा नळीचा असतो, तो तुमच्या बाबतीत ओसरलेला दिसतो. उरलेले लक्षण ओळखीचे आहे. स्वरयंत्राला दोन्ही बाजूंनी दोन-दोन नसा जातात. एक मोठी, ती दुखावली तर आवाज बसका, हवा निसटणारा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. दुसरी बारीक, थायरॉइडच्या वरच्या टोकाजवळून जाणारी. ती स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला चालवते. ती दुखावली तर बोलणे जवळपास तसेच राहते, चढा स्वर मात्र हरवतो. ज्याला गायचे नाही त्याला कळतही नाही. या बारीक नसेला अमेलिता गाली-कुर्ची या इटालियन गायिकेचे नाव जोडले गेले आहे. १९३५ मध्ये तिच्या गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तिची कारकीर्द संपली. तिचा आवाज नसेमुळेच गेला का, यावर अजून वाद आहे, पण शल्यचिकित्सकांना ती नस जपायची आठवण तिच्या नावाने राहिली.

तुम्ही आता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घ्या. शक्य असेल तर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर दाखवणारी तपासणी), कारण या बारीक नसेची इजा साध्या दुर्बिणीत निसटते. आवाज दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत नसेल तर तपासणी करायचीच असते, त्या हिशोबाने तुम्हाला उशीर झाला आहे, पण फार नाही. नस कापली गेलेली नसेल, ताणली गेली असेल, तर सुधारणा सहा महिने ते वर्षभर होत राहते. वाचोपचार तज्ज्ञाकडे लवकर जाण्याने फरक पडतो. एक चूक टाळा: चढत नाही म्हणून घसा ताणून चढवायचा. त्याने चुकीचे स्नायू कामाला लागतात आणि नस जागी झाल्यावरही ती खोड जात नाही. तूर्त मध्य सप्तकात, वीस-वीस मिनिटांच्या बैठका, अधेमधे पाणी. शिष्यांना वरचा षड्ज पेटीवर दाखवा.

प्रश्न: टाक्यांची रेघ लाल आणि जाड होते आहे. मंगळसूत्र घालू का? स्कूटर केव्हा चालवू?

उत्तर: मंगळसूत्र आणि रेघ एकमेकांना कुठे भेटतात ते आरशात बघा. काळ्या मण्यांची सर टाक्यांवर घासत असेल तर पहिले सहा ते आठ आठवडे ती लांब करून घ्या किंवा काढून ठेवा. घामात भिजलेली सर नव्या कातडीला दिवसभर किसत असते. ब्लाउजची, कुर्त्याची बंद गळपट्टीही तशीच. आंघोळ एक-दोन दिवसांनी चालते. रेघ चोळायची नाही, टिपायची. चिकटपट्ट्या आपोआप सुटतील, ओढू नका.

रेघ पहिले तीन-चार महिने लाल, कडक होते आणि मग वर्षभरात मऊ, फिकट होत जाते. हे नेहमीचेच. ती मूळ कापाच्या बाहेर पसरू लागली, खाजली, फुगली तर केलॉइडचा संशय. तेव्हा त्वचातज्ज्ञाकडे लवकर, गाठ मोठी होण्याआधी. तोवर जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज किमान बारा तास, दोन-तीन महिने. चार आठवड्यांनंतर दिवसातून दोनदा पाच मिनिटे बोटांनी हलका दाब देत मालिश. वर्षभर उन्हापासून संरक्षण, ओढणी किंवा एसपीएफ ३० चे मलम. हळद, कांद्याचा रस ओल्या जखमेवर नको.

मान धरून ठेवू नका, हीच चूक सगळे करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डावी-उजवी, खाली-वर, हळू, पाच-पाच वेळा, दिवसातून तीनदा. स्कूटर तेव्हा, जेव्हा मान न दुखता झटकन मागे वळेल. बहुतेकांना दहा ते चौदा दिवस लागतात. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली येतो, टाक्यांवर नाही, तेव्हा ती सबब चालणार नाही. पाण्याची भरलेली बादली, धान्याचे पोते दोन-तीन आठवडे दुसऱ्याने उचलावे.

प्रश्न: थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर, गाठ १.८ सेंटीमीटर, लसिकाग्रंथी स्वच्छ. एक डॉक्टर किरणोत्सारी आयोडीन घ्या म्हणतात, दुसरे नको म्हणतात.

उत्तर: दोघेही वेगवेगळ्या काळाचे नियम सांगत असावेत. उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारे हे आयोडीन पूर्वी जवळपास सगळ्यांना देत. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन सेंटीमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या गाठींत आयोडीन न घेतलेल्यांची तीन वर्षांनंतरची स्थिती घेतलेल्यांपेक्षा वाईट नव्हती. म्हणून पॅथॉलॉजीचा पूर्ण कागद काढा आणि चार ओळी शोधा: कडा स्वच्छ आहेत का, गाठ ग्रंथीच्या बाहेर पसरली आहे का, रक्तवाहिन्यांत शिरली आहे का, पेशींचा प्रकार आक्रमक आहे का. चारही उत्तरे अनुकूल असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे आजच्या पद्धतीला धरून आहे.

तुमच्या गटात टीएसएच मुद्दाम दाबायची गरज नसते, ०.५ ते २ पुरे. जास्त जोखमीत ०.१ च्या खाली नेतात, पण त्याची किंमत हाडे आणि हृदयाची लय मोजते, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत. पाठपुराव्याला गळ्याची सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिन (फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन). त्याच्याबरोबर प्रत्येक वेळी त्याविरुद्धची प्रतिपिंडे तपासा. ती असतील तर थायरोग्लोब्युलिनचा कमी आकडा फसवा असतो.

आयोडीन घ्यायचे ठरलेच तर आधीचे एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार लागतो: आयोडीनयुक्त मीठ, मासे, सुकट, दूध-दही, अंड्याचा बलक, बेकरीचे पदार्थ, बाहेरचे फरसाण बंद. सैंधवाची पाकिटेही कधीकधी आयोडीनयुक्त असतात, लेबल वाचा. पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या आणि रंगद्रव्य टोचून केलेला सीटी स्कॅन हे दोन शत्रू लोकांच्या लक्षात येत नाहीत. नंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी.

प्रश्न: मला दिवस राहिले आहेत, दीड महिना झाला. १०० ची गोळी चालू आहे.

उत्तर: अभिनंदन, आणि डॉक्टरांना आजच फोन. गर्भारपणात गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते आणि ज्यांना ग्रंथीच नाही त्यांचे शरीर ती भागवू शकत नाही. ठरलेली पद्धत अशी: चाचणी होकारार्थी आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दोन-दोन. मग लगेच टीएसएच, तो २.५ च्या खाली ठेवायचा, आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. चौथ्या महिन्यापासून आरोग्य केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील. तिथेच अनेकींचा टीएसएच चढतो, कारण सगळ्या एकाच वेळी, सकाळी, घेतल्या जातात. वरचे वेळापत्रक स्वयंपाकघरात चिकटवा. बाळंतपणानंतर आधीचा डोस, आणि सहा आठवड्यांनी तपासणी. अंगावर पाजायला काहीच अडचण नाही.

प्रश्न: केस मूठमूठ गळतात, वजन चार किलो वाढले. गोळीमुळे?

उत्तर: शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे हा शरीराला बसलेल्या धक्क्याचा उशिराचा परिणाम असतो, तापानंतर, बाळंतपणानंतर गळतात तसा. सहाएक महिन्यांत थांबतो. टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. टीएसएच योग्य असेल तर वजनाचा दोष गोळीला देता येत नाही. ग्रेव्ह्ज आजारात आधी झपाट्याने उतरलेले वजन परत येते, आणि तेव्हाची सपाटून लागणारी भूक सवय म्हणून ताटात राहते.

प्रश्न: नवरात्रात निर्जळी करतो. आणि एखाद्या दिवशी गोळी विसरलो तर?

उत्तर: त्याच दिवशी आठवले तर जेवणानंतर तीन तासांनी घ्या. दुसऱ्या दिवशी आठवले तर बहुतेकांना दोन एकदम चालतात. हृदयरोग्यांनी मात्र तसे न करता पुढची नेहमीसारखी घ्यावी. थायरॉक्सिनला दोन घोट पाणी लागते, तेवढेही नको असेल तर उपवास सोडल्यावर तीन तासांनी, झोपताना घ्या. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर मात्र या वर्षी निर्जळी नको. दिवसभराच्या खंडात कॅल्शियम उतरते, आणि आरतीच्या ताटाला धरलेली बोटे आखडली तर सोडवायला कोणाला जमणार नाही.